‘ते’ आणि काळी पिशवी

रात्रीचे पावणेदहा. मेडिकलवाल्याने शटर अर्धं खाली ओढलेलं. एक तरुण येतो, आधी घशाच्या गोळ्या मागतो आणि बाजूच्या काकू पैसे देऊन निघेपर्यंत मोबाइल चाळत उभा राहतो. मग काचेवर बोट टेकवून नुसतं ‘ते’ म्हणतो. दुकानदारही सरावलेला, ‘ते’ कागदात गुंडाळून काळ्या पिशवीत जातं. पाकिटावरची मुदत कोणी पाहत नाही.

लग्नाचा हॉल वर्षभर आधी धरणारी, गावच्या गाडीचं तिकीट साठ दिवस आधी काढणारी माणसं या एकाच बाबतीत ऐनवेळेवर का विसंबतात? कारण इथे तयारी म्हणजे चारित्र्यावरचा डाग. मुलाच्या खिशात निरोध सापडला तर तो ‘चालू’. मुलीच्या पर्समध्ये सापडला तर विचारायलाच नको. नकळत घडलं तर माफी आहे, जाणून काळजी घेतली तर नाही. हा न्याय उफराटाच म्हणायचा.

र. धों. कर्वे यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं. या कामापायी त्यांची विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी गेली. 1927 मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केलं, तर अश्लीलतेचे खटले मागे लागले. त्यातला 1934चा खटला डॉ. आंबेडकरांनी त्यांच्या बाजूने लढवला. 1968 मध्ये तर सरकारनेच पंधरा पैशांना तीन निरोध विकायला काढले. तरीही 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निरोध वापरणारी विवाहित जोडपी जेमतेम साडेनऊ टक्के. स्त्रियांच्या नसबंदीचं प्रमाण जवळपास 38 टक्के, पुरुषांच्या 0.3. काळजी कोणाच्या अंगावर पडते, ते या आकड्यांतच दिसतं.

लपवाछपवीतून चुकाही होतात. मागच्या खिशातल्या पाकिटात महिनोन्‌महिने दाबून ठेवलेला निरोध उष्णतेने आणि घासण्याने कमजोर होतो. त्यात घरात हाताशी असतं खोबरेल. तेलाने लॅटेक्स काही मिनिटांतच विरू लागतं. पाण्याचं वंगण त्याच दुकानात मिळतं, पण ‘ते’सुद्धा म्हणवत नाही, तिथे वंगण कोण मागणार!

खरी तयारी तर पाकिटाच्याही आधी, दोघांच्या बोलण्यात असते. सरकारी रुग्णालयात एचआयव्हीची तपासणी मोफत होते, निकाल गुप्त राहतो. ‘दोघं मिळून जाऊन येऊ’ एवढं वाक्य मात्र जिभेवर येत नाही.

आणि मग सकाळी धावपळ. गर्भ राहू नये म्हणून घ्यायची तातडीची गोळी 72 तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली. संसर्ग मात्र ती रोखत नाही. एचआयव्हीचा धोका वाटला तर त्याची औषधंही 72 तासांतच सुरू करायची आणि 28 दिवस घ्यायची. घड्याळ शनिवारी रात्रीच सुरू झालेलं असतं. रविवारी दुपारनंतर गावातलं मेडिकल बंद.