अडकणारे बोट

आमच्या घरातल्या मोठ्या आपा तीस वर्षे शिवणकाम करतात. सलवार-कमीज, बुरखे, शाळेचे गणवेश, मोहल्ल्यातले जे येईल ते. गेल्या थंडीत त्यांच्या उजव्या हाताचे करंगळीशेजारचे बोट सकाळी उठल्यावर वाकलेलेच राहू लागले. डाव्या हाताने सरळ करायला जावे तर टक्‌ असा आवाज होऊन ते झटक्यात उघडे आणि डोळ्यांत पाणी येई. दुपारपर्यंत बोट मोकळे होई, म्हणून "वाताचे असेल, उन्हाळ्यात जाईल" असे म्हणत त्यांनी चार महिने काढले. आम्हीही काढू दिले.

या दुखण्याला डॉक्टर ट्रिगर फिंगर म्हणतात. बंदुकीचा घोडा दाबून सोडावा तसे बोट अडते आणि सुटते, म्हणून हे नाव. फ्रान्समधल्या नोटा नावाच्या डॉक्टरने १८५० मध्ये याचे वर्णन केले होते, म्हणजे दुखणे काही नवे नाही. बोट वाकवणारी दोरीसारखी शीर तळहातातून बोटात जाते. ती हाडाला धरून राहावी म्हणून तिच्या वाटेवर कड्या असतात. पहिली कडी बोटाच्या मुळाशी, तळहाताच्या बाजूला. ती कडी जाड झाली आणि शिरेवर गाठ आली की शीर सहज आत-बाहेर होत नाही. डॉक्टरांनी आपांना कागदावर चित्र काढून दाखवले. आपा म्हणाल्या, "म्हणजे नाड्याची गाठ नेफ्याच्या तोंडाशी अडकली." याहून सोपे आम्हाला सांगता येणार नाही.

गंमत अशी की दुखते बोटाच्या मधल्या पेरावर आणि बिघाड असतो तळहातात. त्यामुळे सगळे जण बाम पेरावर चोळत बसतात. बोटाच्या मुळाशी तळहातावर दाबून पाहिले तर वाटाण्याएवढी दुखरी गाठ लागते आणि बोट हलवले की ती सरकते.

हे दुखणे चाळिशीनंतर अधिक दिसते, पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त. शंभरातल्या दोन-तीन जणांना आयुष्यात कधीतरी ते होते. मधुमेह असणाऱ्यांत हे प्रमाण दहापर्यंत जाते. एकाहून अधिक बोटे अडकू लागली आणि साखर कधी तपासलेली नसेल, तर आधी ती तपासून घ्यावी.

आता आमची चूक सांगतो. आपांना आम्ही आधी नेले ते मालीश करणाऱ्याकडे. त्याने "शीर चढली आहे" म्हणून बोट जोरात ओढले. दोन दिवस हात सुजला आणि बोट होते त्याहून जास्त अडकू लागले. इथे काही निखळलेले नसते की ओढून जागेवर बसावे. ओढल्याने कडी रुंद होत नाही, गाठ मात्र आणखी घासली जाते.

दुखणे नवे असेल आणि बोट अधूनमधूनच अडकत असेल, तर आधी विश्रांती आणि पट्टी. विश्रांती म्हणजे हात बांधून बसणे नव्हे. जड कात्री, ओले कपडे पिळणे, घट्ट पीठ मळणे, मोबाइल तासन्‌तास मुठीत धरणे, एवढे थांबवायचे. पट्टी, म्हणजे स्प्लिंट, बोटाच्या मुळाचा सांधा सरळ ठेवते. निदान रात्री तरी लावायची, तीही सहा आठवडे, गरज पडल्यास आणखी थोडे दिवस. चार दिवसांत काढून ठेवली तर उपयोग नाही. सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून बोट हळूहळू हलवले की ताठरपणा कमी होतो. दुखण्याच्या गोळीने वेदना कमी होतात, अडकणे तसेच राहते. किडनीचा किंवा अल्सरचा त्रास असेल त्यांनी ती मनाने घेऊच नये.

पट्टीने भागले नाही तर इंजेक्शन. ते स्टिरॉइडचे असते आणि नावानेच लोक घाबरतात. पण महिनोन्‌महिने गोळ्या खाणे वेगळे आणि बोटाच्या मुळाशी थोडे औषध एकदा टोचणे वेगळे. पहिले एक-दोन दिवस जास्त दुखू शकते, मग काही दिवसांत ते दोन-तीन आठवड्यांत आराम पडतो. निम्म्याहून अधिक लोकांचे एकाच इंजेक्शनने भागते. मधुमेहात मात्र गुण येण्याची शक्यता कमी. टोचल्या जागी कातडी थोडी फिकट पडू शकते. एका बोटाला दोन, फार तर तीन वेळा. त्यापुढे टोचत राहू नये.

आणि साखर! आपांना मधुमेह आहे. इंजेक्शन देणाऱ्याने विचारले नाही, आपांनी सांगितले नाही, आम्हालाही सुचले नाही. दुसऱ्या दिवशी घरच्या मशीनवर आकडा ३१० आला. औषधाने साखर वाढते, साधारण पाच-सात दिवसांत खाली येते. पण आधी माहीत असते तर आम्ही रोज तपासली असती आणि आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारून ठेवले असते. त्यातून रमजानला चारच दिवस उरले होते. मधुमेह असून रोजे ठेवणाऱ्यांनी हे इंजेक्शन रमजानच्या तोंडावर घेऊ नये. गोळ्या-इन्शुलिनच्या वेळा बदलण्याच्या दिवसांत साखर अशी उसळली तर सांभाळणे अवघड जाते.

तीन महिने बरे गेले, मग बोट पुन्हा अडकू लागले. तेव्हा ऑपरेशन ठरले. शब्द मोठा, काम छोटे. फक्त हात बधिर करतात, तळहातावर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची चीर देतात आणि ती जाड कडी कापून मोकळी करतात. पंधरा-वीस मिनिटांत उरकते. टेबलावरच डॉक्टरांनी आपांना बोट उघड-मीट करायला लावले. बोट अडकले नाही. काही डॉक्टर चीर न देता सुईनेच कडी सोडवतात; अंगठ्याची नस मात्र अगदी जवळून जाते, तिथे पुष्कळ जण चीर देणेच पसंत करतात. धोके कमी, पण आहेत: जखम चिघळणे, नसेला इजा, बोट ताठ राहणे. म्हणून हाताच्या शस्त्रक्रियेचा सराव असलेला हाडांचा डॉक्टर पाहावा. सरकारी रुग्णालयाच्या हाडांच्या विभागातही चौकशी करावी.

टाके बाराव्या दिवशी निघाले. तोवर जखम कोरडी ठेवायची होती, वजूच्या वेळी पट्टीवर मसह करून आपांनी भागवले. बोट हलवणे मात्र पहिल्या दिवसापासून. भीतीने मूठ मिटून ठेवली तर ते आखडते.

दोन गोष्टी राहिल्या. लहान मुलाचा अंगठा वाकलेला राहत असेल तर घाई नको. पुष्कळदा तो वयाबरोबर आपोआप सुटतो, डॉक्टरांना दाखवून वाट पाहता येते. पण कोणाचेही बोट लाल, गरम होऊन पूर्ण सुजले, ताप आला आणि सरळ करताना असह्य दुखले, तर ते ट्रिगर फिंगर नव्हे. आत पू झालेला असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आपांची खूण दोन महिने दुखत होती, कात्रीचा दांडा नेमका तिथेच रुततो. आता त्या पीठ मळतात, मशीन चालवतात. बुरख्याचे जाड कापड कापायचे काम सुनेकडे गेले आहे आणि तिची कापणी तिरपी जाते अशी तक्रार रोज आमच्या कानावर असते.