प्रॉम्प्टरने एन्ट्री घेऊ नये

गेले आठ महिने मी आप्पांच्या आठवणींचं पुस्तक करतेय, घरच्यांसाठीच. चिंचपोकळीची चाळ, गिरणी, आणि गाववाल्यांची ती एक खोली, जिथे एक पाळी कामावर गेली की दुसरी पाळी त्याच जागेवर झोपायची. फोनवर एकेचाळीस रेकॉर्डिंग झाली आणि मी हबकलेच. भाचा म्हणाला, "मावशी, एआयला दे की, चुटकीसरशी लिहून देईल."

दिलं. आणि खरंच चुटकीसरशी आलं! संपाचं प्रकरण मी मोठ्या हौसेने आप्पांना वाचून दाखवलं. त्यात एक वाक्य होतं की आप्पांनी जड अंतःकरणाने गिरणीचा निरोप घेतला. आप्पांनी हात वर केला.

"निरोप कसलो गो? आम्ही भायर इलंव ते इलंव. परत कोणी बोलावल्यानच नाय."

मी गप्पच झाले. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला, असं कधी झालंच नाही. म्हणजे निरोप नव्हताच, आणि तेच तर आप्पांचं दुःख आहे. यंत्राने ते एका गुळगुळीत वाक्यात पुसून टाकलं. वर मालवणी काढून छापील मराठी घातली, साळखात्याचा 'विणकाम विभाग' केला आणि भोंग्याचा 'सायरन'.

पण चूक यंत्राची जितकी, तितकीच माझी. मी त्याला काय काय सांगितलं होतं ते त्या रात्री शोधत बसले. काही प्रॉम्प्ट फोनच्या नोंदींत, काही स्वतःलाच पाठवलेल्या व्हॉट्सअॅपवर, आणि निम्म्यांत एकच मागणी: छान लिहून दे. छान म्हणजे काय, ते मलाच ठाऊक नव्हतं!

मग सरळ शंभर पानी वही घेतली आणि सगळे प्रॉम्प्ट चार कप्प्यांत लावले. पहिला कप्पा आठवण काढणारे: 'हा उतारा वाच आणि आप्पांना विचारायला दहा प्रश्न दे.' दुसरा तपासणारे: 'कुठे दोन गोष्टी जुळत नाहीत ते दाखव, पण दुरुस्त करू नकोस.' तिसरा मांडणीचे: कुठली आठवण कुठल्या प्रकरणात बसेल? चौथा फक्त शुद्धलेखनाचे, तेही माझ्या मजकुरापुरते. आप्पांचं बोलणं त्यात येत नाही. 'लिहून दे' हा कप्पाच ठेवला नाही.

नवं संभाषण उघडलं की मागचं सगळं त्याला माहीत असेलच असं नाही. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर एक कायमचा मजकूर आहे, तो आधी द्यायचा. त्यात नातेवाईक कोण कोणाचे, साचा, धोटा, जॉबर, बदली या शब्दांचे अर्थ, आणि तीन अटी: शब्द बदलू नकोस, नसलेलं घालू नकोस, शंका आली तर विचार. प्रत्येक प्रॉम्प्टपुढे तारीख, कुठल्या प्रकरणासाठी, आणि आलेल्यातलं मी काय घेतलं, हे लिहिते. उद्या कोणी विचारलं की हे वाक्य कोणाचं, तर उत्तर देता आलं पाहिजे ना!

याचा उपयोग लगेच दिसला. आप्पा एका रेकॉर्डिंगमध्ये १९६८ ला गिरणीत लागलो म्हणतात, दुसऱ्यात १९७१ ला. माझ्या नजरेतून ते निसटलं होतं, दुसऱ्या कप्प्यातल्या प्रॉम्प्टने पकडलं. विचारल्यावर आप्पा म्हणाले, "दोनय खरा. अडुसष्टात बदली, एकाहत्तरात परमनंट." मग बदलीवाल्याने रोज गेटवर उभं राहून कोणाचा खाडा पडतोय याची वाट कशी बघायची, ते तासभर सांगत बसले. अख्खं प्रकरण मिळालं!

कामगार रंगभूमीच्या काळात परळच्या दामोदर हॉलला नाटकं व्हायची. तिथे काय किंवा कुठेही काय, विंगेत प्रॉम्प्टर असायचा. नट अडला की त्याने शब्द पुरवायचा, स्वतः एन्ट्री घ्यायची नाही. एआयची जागा मला तीच वाटते.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप करण्यापेक्षा स्वतःच लिही की. लिहितेच आहे. पण एकेचाळीस रेकॉर्डिंगमधली विसंगती शोधायला माझ्याकडे दुसरं माणूस नाही. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांचं गिरणगावच्या मौखिक इतिहासाचं इंग्रजी पुस्तक २००४ साली आलं. त्यात कामगार स्वतः बोलतात. ते मुळात मुलाखतींतून उभं राहिलं, म्हणजे कोणीतरी नीट विचारलं होतं म्हणून. माझ्या मते प्रॉम्प्टची वही म्हणजे शेवटी प्रश्नांचीच वही. यंत्राकडून उत्तरं घेण्यापेक्षा प्रश्न घ्यावेत, आणि उत्तरं ज्याची आहेत त्याच्याकडे जावं. तो आहे तोवर.

असो. संपाचं प्रकरण पुन्हा लिहिलं. सुरुवात आप्पांच्याच वाक्याने केली, मालवणीतच. वाचून दाखवलं तर म्हणाले, "आता माझा वाटता." आत्याकडे गिरणीच्या पासाचा एक जुना फोटो आहे म्हणे. आत्या, तो तेवढा पाठव गं!