घरांत आलेली मोटार कोणाची?

हिंगोलीहून एका भगिनीचें पत्र आलें आहे. पत्र लांब आहे, आणि त्यांतील बराच भाग एकत्र कुटुंबांत नांदणाऱ्या वाचकांस न सांगतांही कळेल असा असल्यामुळें तो येथें देत नाहीं. मुद्द्याची हकीकत एवढीच कीं, धाकट्या भावजींनीं दोन वर्षांपूर्वीं नवी मोटार घरीं आणली. औंढ्याच्या नागनाथाला नेऊन तिची पूजा झाली, सासूबाईंनीं नारळ वाढविला, आणि ‘आपली मोटार’ हा शब्द घरांत रूढ झाला. आतां भावजींची बदली परप्रांतीं झाली आहे. मोटार विकावी असें घरांत ठरलें, तेव्हां विक्रेत्या पेढीकडून उत्तर आलें कीं विकण्याचा अधिकार तुम्हांस नाहीं, कारण ती तुमची नव्हेच. आणि मुदतीपूर्वीं परत करावयाची असल्यास उरलेल्या सर्व महिन्यांचें भाडें, जादा धांवेचा आकार व ओरखड्यांची भरपाई मिळून एक भली मोठी रक्कम आधीं भरा. मामंजी या करारास जामीन आहेत. त्यांना रात्रीं झोंप येत नाहीं, आणि भावजी पेढींत जाऊन भांडण्यापलीकडे कांहीं करीत नाहींत. काय करावें, असा प्रश्न आहे.

पत्राबरोबर कराराची नक्कल पाठविली आहे, हें या भगिनीनें फार शहाणपणाचें केलें. बहुधा आमच्याकडे तक्रार येते, कागद येत नाहीं. नकलेच्या पहिल्याच पानावर ‘भाडेपट्टा’ हा शब्द आहे, आणि सगळ्या तंट्याचें मूळ त्या एका शब्दांत आहे.

हप्त्यानें मोटार घरीं येण्याचे मार्ग तीन. कर्ज काढून खरेदी केली तर मोटार आपली होते, फक्त कर्ज फिटेपर्यंत ती कर्ज देणाराकडे तारण राहते. भाडे-खरेदींत शेवटचा हप्ता भरून खरेदीचा हक्क बजावीपर्यंत मालकी देणाराचीच असते. आणि भाडेपट्ट्यांत, ज्याला पेढीवरचे लोक ‘लीज’ म्हणतात, मालकी आपल्याकडे येण्याचें करारांत वेगळें कलम नसेल तर ती कधींच येत नाहीं. मुदत संपली कीं भाड्याचें घर सोडावें तशी मोटार सोडावयाची. तिन्हींचा हप्ता सारखाच दिसतो, तिन्हींत किल्ली आपल्या हातीं येते, आणि तिन्हींत शोरूममधील मनुष्य पेढे देऊन अभिनंदनच करतो. त्यामुळें सही करणाराचा घोटाळा होतो यांत नवल नाहीं.

हा घोटाळा मोटारींपेक्षां जुना आहे. इंग्लंडांत हेल्बी नांवाच्या विक्रेत्याकडून ब्रूस्टर नांवाच्या गृहस्थानें दरमहा साडेदहा शिलिंग भाड्यानें एक पियानो घरीं नेला. असे छत्तीस हप्ते भरले म्हणजे पियानो त्याचा. मध्येंच नकोसा झाला तर परत करण्याची मुभा. थोड्याच महिन्यांत ब्रूस्टरनें तो मॅथ्यूज नांवाच्या सावकाराकडे गहाण टाकला. प्रकरण लॉर्डांच्या सभेपर्यंत गेलें, आणि १८९५ सालीं निकाल झाला कीं ब्रूस्टरवर खरेदी करण्याचें बंधन नव्हतें, म्हणून पियानो हेल्बीचाच राहिला. सावकाराचा त्यावर हक्क नाहीं. ब्रूस्टरच्या दिवाणखान्यांतही तो ‘आपला पियानो’च म्हटला जात असेल. आपल्याकडे १९७२ सालीं संसदेनें भाडे-खरेदीचा स्वतंत्र कायदा केला होता. परंतु तो कधीं अमलांतच आला नाहीं, आणि २००५ सालीं रद्द झाला. पाळण्यांतच वारलेला असा कायदा क्वचितच असेल.

एक विसंगति मात्र ध्यानांत ठेवावी. १९८८ च्या मोटार-वाहन कायद्याच्या व्याख्येप्रमाणें भाडेपट्ट्यावरील मोटारीचा ‘मालक’ म्हणजे त्या कराराअन्वयें ज्याच्या ताब्यांत ती आहे तो. म्हणजे विकावयास निघालें तर मोटार कंपनीची, आणि रस्त्यावर कांहीं अपघात झाला तर जबाबदारीपुरते मालक भावजी. तेव्हां भांडण चालू आहे म्हणून विम्याचा हप्ता चुकवूं नये. ही चूक सर्वांत महाग पडेल.

आतां तंट्याकडे वळूं. भावजी ज्या पेढींत जाऊन भांडतात, ती करारांत मोटार देणारी पक्षकार नाहींच. मोटार भाड्यानें देणारी कंपनी निराळी आहे; पेढीनें गाडी पुरविली आणि सह्या घेतल्या. पेढीचा व्यवस्थापक कितीही सौजन्यानें बोलला तरी एक रुपया कमी करण्याचा अधिकार त्याला नाहीं, आणि तो रागावला तरी मोटार जप्त करण्याचाही नाहीं. म्हणून पहिलें पत्र कंपनीच्या नोंदलेल्या पत्त्यावर जावें व त्याची प्रत पेढीस. पत्र स्पीड पोस्टानें पाठवावें, पोंच जपून ठेवावी, आणि तेंच ई-मेलनेंही धाडावें. त्यांत रागाचा एकही शब्द नसावा. कराराची तारीख, आजवर भरलेले हप्ते, मोटार परत करण्याची इच्छा, आणि मागितलेल्या रकमेचा कलमवार हिशेब द्यावा अशी मागणी, एवढें पुरे.

“विक्रेत्यानें तोंडीं सांगितलें होतें कीं चार वर्षांनीं मोटार तुमचीच,” असें भावजींचें म्हणणें आहे. येथें कायदा कठोर आहे. लेखी कराराच्या विरुद्ध तोंडी बोलणें पुरावा म्हणून चालत नाहीं, हा १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांतील नियम १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमांतही तसाच आहे. अपवाद फसवणुकीचा, आणि ज्या बाबतींत कागद मुका आहे त्या बाबतींतील बोलण्याचा. परंतु विक्रेत्यानें तेंच आश्वासन व्हॉट्सॲपवर लिहून पाठविलें असेल, किंवा छापील पत्रकांत तसा मजकूर असेल, तर ग्राहकाच्या कायद्याखालीं ती अनुचित व्यापारी प्रथा ठरूं शकते, आणि मग पेढीलाही उत्तर द्यावें लागेल. तेव्हां भावजींचा जुना फोन कोणास देऊन टाकण्यापूर्वीं त्यांतील संदेश तपासावेत.

मागणींतील तीन रकमांपैकीं दोन सोप्या आहेत. जादा धांवेचा दर करारांत लिहिलेला असतो. मोटारीवरील आंकडा आणि दर यांचा गुणाकार तुम्हींच करून पाहावा. ओरखड्यांच्या बाबतींत दोन्ही पक्षांसमक्ष पाहणी व छायाचित्रें मागावीत. दोन वर्षें वापरलेल्या मोटारीची साहजिक झीज आणि नुकसान या दोन गोष्टी भिन्न आहेत.

खरी अडचण उरलेल्या भाड्याची. भगिनीचे घरगुती आंकडे छापणें योग्य नव्हे, म्हणून निराळे उदाहरण घेतों. दरमहा २०,००० रुपये, मुदत ४८ महिने, त्यांतील २२ भरले. उरले २६, म्हणजे ५,२०,००० रुपये. कंपनी ही रक्कमही घेणार, मोटारही परत घेणार, आणि ती दुसऱ्यास विकणार किंवा भाड्यानें देणार. एकाच मोटारीचे दोनदां पैसे होतात ते येथें. १८७२ च्या करार कायद्याचें ७४ वें कलम सांगतें कीं करारभंगाबद्दल ठराविक रक्कम कागदांत लिहिली असली तरी ती कमाल मर्यादा समजावी. न्यायालय त्या मर्यादेच्या आंत वाजवी तेवढीच भरपाई देईल. सर्वोच्च न्यायालयानें १९६३ सालीं फत्तेचंद विरुद्ध बालकिशन दास या खटल्यांत हें स्पष्ट केलें, व तो निकाल अद्यापि प्रमाण मानला जातो.

तथापि भावजींनीं येथें फार हुरळून जाऊं नये. नवी मोटार पहिल्या दोन वर्षांतच सर्वांत अधिक किंमत गमावते, आणि तिचें भाडें चार वर्षांच्या हिशेबानें ठरलेलें असतें. मध्येंच परत केली तर कंपनीचें खरोखर कांहीं नुकसान होतें, आणि तें भरून देणें न्याय्यच आहे. म्हणून विचारावें तें असें: मोटारीची पुस्तकी किंमत आज काय, विकून काय येईल, आणि या दोहोंतील तूट किती? त्या तुटीच्या आसपासचा आंकडा तुम्हीं होऊन लेखी सुचवावा. मुळींच कांहीं देणार नाहीं म्हणणाराचें कोणी ऐकत नाहीं; हिशेब मांडून देऊं म्हणणाराशीं बहुधा बोलणें सुरू होतें. घरांत दुसऱ्या कोणास मोटारीची गरज असेल, तर कंपनीच्या संमतीनें करार त्याच्या नांवें होऊं शकेल काय, हेंही विचारून ठेवावें.

तोंवर चालू महिन्याचें भाडें थांबवूं नये. ‘सर्व हक्क राखून भरीत आहें’ असें लेखी कळवून भरीत राहावें. हप्ता थांबविला कीं बाजू उलटते, हें एका निकालावरून कळेल. मॅग्मा फिनकॉर्प विरुद्ध राजेशकुमार तिवारी या प्रकरणांत जीप घेणाऱ्या गृहस्थानें सातच हप्ते भरले होते. कंपनीनें जीप उचलून नेली व विकली. १ ऑक्टोबर २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं भाडे-खरेदींत मालकी कंपनीचीच असते आणि करारांत तरतूद असल्यास ती शांततेनें ताबा घेऊं शकते. सूचना न दिल्याच्या दोषाबद्दल ग्राहकास मिळाले अवघे १५,००० रुपये. कंपनीनें गुंड पाठवून मोटार हिसकावणें मात्र सर्वस्वी गैर आहे. २००७ सालीं आयसीआयसीआय बँक विरुद्ध प्रकाश कौर या निकालांत न्यायालयानें त्याची कडक शब्दांत निंदा केली आहे. तसें कांहीं घडलें तर पोलिसांकडे जावें.

कंपनीनें तीस दिवसांत उत्तर दिलें नाहीं, किंवा दिलेलें पटलें नाहीं, आणि ती रिझर्व बँकेच्या देखरेखीखालील असली, तर रिझर्व बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करतां येते. दुसरा मार्ग ग्राहक आयोगाचा, आणि हिंगोलीकरांस तो अधिक सोयीचा. करारांत दूरच्या शहरांतील लवादाचें कलम आहे, तें वाचून मामंजी घाबरले असावेत. परंतु लवादाच्या कलमामुळें ग्राहक आयोगाचें दार बंद होत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणांत कायम केलें आहे. आणि २० जुलै २०२० पासून अमलांत आलेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यानें तक्रारदार जेथें राहतो त्याच जिल्ह्यांत तक्रार नोंदविण्याची मुभा दिली आहे. भावजींनीं मात्र बदलीच्या गांवीं बिऱ्हाड हलविण्यापूर्वींच हें उरकावें हें बरें. तक्रार ई-जागृति या सरकारी संकेतस्थळावरूनही दाखल होते, वकील असलाच पाहिजे असें नाहीं, आणि भरलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी मुळींच नाहीं. तंट्याचें कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. आयोग प्रकरण मध्यस्थीकडेही पाठवूं शकतो, आणि अशा हिशेबी तंट्यांत मध्यस्थीच लवकर फळते असें आमचें मत आहे.

एवढें ध्यानांत असावें कीं ‘करारच अन्यायकारक आहे’ अशी तक्रार जिल्हा आयोगापुढें चालत नाहीं. ती राज्य आयोगाकडे न्यावी लागते. जिल्ह्यांत तक्रार करावयाची ती सेवेंतील त्रुटीची व अनुचित प्रथेची. शिवाय मोटार धंद्यासाठीं घेतली असेल तर घेणारा ‘ग्राहक’च ठरत नाहीं, स्वतःच्या पोटापुरत्या स्वयंरोजगाराचा अपवाद सोडून. येथें ती घरच्या वापराची आहे, त्यामुळें चिंता नाहीं.

राहिले मामंजी. जामिनाची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. कंपनी भावजींना सोडून प्रथम त्यांच्याकडेही येऊं शकते. हें त्यांच्यापासून लपवूं नये. परंतु त्यांच्या बाजूचीही एक गोष्ट आहे. कराराच्या अटी मागाहून त्यांच्या संमतीवांचून बदलल्या असतील, तर त्या बदलानंतरच्या व्यवहारांपुरते ते मोकळे होतात. भावजींनीं मध्यंतरीं धांवेची मर्यादा वाढवून घेतली होती, असें पत्रांत ओझरतें आलें आहे. त्या पुरवणी कागदावर मामंजींची सही आहे काय, तें प्रथम पाहावें. नसेल तर कंपनीच्या पत्रांत त्याचा उल्लेख अवश्य करावा.

आणि तडजोड झालीच, तर पैसे देण्यापूर्वीं कंपनीकडून एक पत्र घ्यावें: रक्कम ‘संपूर्ण व अंतिम’, अनामत परत केव्हां, आणि जामीन आजपासून मुक्त. मोटार देतांना धांवेच्या आंकड्याचें छायाचित्र घेऊन ताबा-पावतीवर तो आंकडा लिहवून घ्यावा. बँकेंतून आपोआप जाणारा हप्ता त्याच दिवशीं बंद करवावा. कांचेवरील फास्टॅग भावजींच्या खात्यावर असेल तर तोही बंद करून काढून ठेवावा. नाहींतर मोटार पुढें ज्याच्याकडे जाईल त्याचा नाक्यावरील टोल हिंगोलीच्या खात्यांतून जात राहील.