बोली आणि आवाज

एखादे पात्र ‘स्वतःच्या भाषेत बोलते’ अशी प्रशंसा मराठी समीक्षेत वारंवार आढळते. बहुधा तिचा अर्थ एवढाच असतो की, लेखकाने पात्राच्या तोंडी प्रादेशिक बोली घातली आहे. ही गल्लत दूर होणे आवश्यक आहे. बोली समूहाची असते, आवाज एकट्याचा.

हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ (१८९३) या कादंबरीतील यमूची भाषा पुणेरी पांढरपेशा घरातली आहे. तीत बोलीचे नावीन्य मुळीच नाही. तरीही यमू वेगळी ऐकू येते. लहानसहान घरगुती तपशिलांत ती रेंगाळते, कोण काय बोलले ते सांगत जाते, आणि या साध्या सांगण्यातूनच समाजावरील आरोप सिद्ध होतो. तक्रारीचा अधिकार नाकारलेल्या स्त्रीला हाच मार्ग मोकळा होता.

‘कोसला’मधील (१९६३) पांडुरंग सांगवीकराचे ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’ हे शब्द पुढे अनेकांनी उचलले. त्यामागचे मन मात्र त्यांना उचलता आले नाही. कोणतेही विधान गांभीर्याने पूर्णत्वास नेण्यास हे मन कचरते. धाकट्या बहिणीच्या मृत्यूपाशी थट्टेचा हा आधार सुटतो, आणि तो इतका वेळ कशासाठी घेतला होता हे तेव्हा उमगते.

आनंद यादवांच्या ‘गोतावळा’त (१९७१) निवेदनही बोलीतच आहे. परंतु नारबाचे नारबापण तेवढ्यात संपत नाही. शेतावरची जनावरे तो नात्यागोत्यात धरतो. म्हणून ट्रॅक्टर येतो तेव्हा त्याच्या लेखी कुटुंबच मोडते.

हा भेद अनुवादात निर्णायक ठरतो. भारतीय साहित्य आपण बव्हंशी हिंदी-इंग्रजीतून वाचतो. नारबाला हिंदीत आणताना त्याच्या तोंडी अवधी किंवा भोजपुरी घालण्याचा मोह स्वाभाविक आहे. पण त्यामुळे कोल्हापूरकडचा हा गडी दुसऱ्याच मुलखाचा रहिवासी होतो. बोलीचा नाद हरवणे ही खरी हानी आहे, आणि तिची पूर्ण भरपाई होत नाही. तथापि साध्या हिंदीतही नारबाची नाती, त्याचा क्रम, त्याचे थांबणे राखता येते. ते राखले तर नारबा टिकतो. म्हणून त्याची बोली कशी आणावी या प्रश्नाआधी, तो कोणाकोणाला आपले म्हणतो, हे अनुवादकाने नीट ऐकले पाहिजे.