कस्टमने सौंदर्य तोलू नये, वय आणि वाट विचारावी

ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फ्रान्सिस न्यूटन सूझा आणि अकबर पदमसी यांच्या सात कलाकृतींची जप्ती रद्द केली. ब्रिटनमधल्या लिलावांत रीतसर घेतलेल्या या कलाकृती कस्टमने ‘अश्लील’ ठरवून अडवल्या होत्या. प्रत्येक नग्नचित्र अश्लील नसतं, हे न्यायालयाला सांगावं लागलं. गोव्याच्या साळगावात जन्मलेल्या सूझांचं ते जन्मशताब्दी वर्ष. आणि पदमसींवर तर याच मुंबईत, १९५४ साली, जहांगीर कलादालनात लावलेल्या चित्रावरून अश्लीलतेचा खटला होऊन ते निर्दोष सुटले होते! सत्तर वर्षांनी त्याच शहरात तोच आरोप.

अशा वेळी “कस्टमच्या माणसाला कलेतलं काय कळतं?” असा प्रश्न कुणीही रागाने विचारेल, आणि तो राग रास्त आहे. पण त्यातून काढला जाणारा निष्कर्ष मला मान्य नाही. निष्कर्ष असा की कलाकृतींना कस्टमच्या वर्गवारीतून सोडवावं. चित्रकाराने किंवा गॅलरीने ‘ही कला आहे’ म्हटलं की अधिकाऱ्याने शिक्का मारून मोकळं व्हावं.

या मताच्या पाठीशी सर्वांत वजनदार दाखला शिल्पकार ब्रांकुशीचा. १९२६ मध्ये त्याचं ‘बर्ड इन स्पेस’ हे शिल्प न्यूयॉर्क बंदरात उतरलं. ते छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेनच्या मालकीचं होतं. घासून लखलखीत केलेल्या ब्राँझचा उभा, निमुळता आकार. पिसं नाहीत, चोच नाही, पाय नाहीत. १९२२च्या अमेरिकी कायद्यानुसार मूळ शिल्पावर शुल्क नव्हतं. पण १९१६च्या एका निकालाने शिल्प म्हणजे निसर्गातल्या वस्तूची प्रतिकृती अशी व्याख्या करून ठेवलेली. यात पक्षी दिसेना, म्हणून अधिकाऱ्यांनी ते स्वयंपाकघरातली भांडी आणि दवाखान्याच्या सामानाच्या वर्गात टाकून चाळीस टक्के शुल्क लावलं. खटला चालला. सरकारतर्फे आलेल्या शिल्पकारांनी ही कला नव्हेच म्हणून साक्ष दिली, तर जेकब एपस्टाइनसारख्यांनी ती कलाच असल्याचं सांगितलं. नोव्हेंबर १९२८ मध्ये ब्रांकुशी जिंकला.

हा निकाल कस्टमच्या अधिकारावरचा घाव म्हणून सांगितला जातो. मला तो तसा वाटत नाही. वस्तू नजरेला सुखावते असं न्यायालयाने जरूर नोंदवलं. पण करणारा व्यावसायिक शिल्पकार आहे का, वस्तू मूळ आहे का, तिचा काही व्यवहारी उपयोग आहे का, हे प्रश्नही तपासले गेले. साक्षीपुराव्याने उत्तर देता येईल असे हे प्रश्न आहेत. चूक वर्गवारी करण्यात नव्हती. पक्षी दिसतो की नाही, यावरून ती करण्यात होती.

ती चूक अजून संपलेली नाही. डॅन फ्लॅव्हिनच्या ट्यूबलाइटच्या आणि बिल व्हायोलाच्या व्हिडिओच्या कलाकृती ब्रिटनमध्ये आल्या. तिथल्या न्यायाधिकरणाने २००८ मध्ये त्यांना कला म्हटलं, आणि २०१० मध्ये युरोपीय आयोगाने ठरवलं की हे नुसते दिवे आणि व्हिडिओ यंत्रं आहेत. कारखान्यातून आलेली नळी दिसली, म्हणून तिची मांडणी करणारा माणूस दिसेनासा झाला.

आता वर्गवारीच नको म्हणणाऱ्यांनी तमिळनाडूतल्या श्रीपुरंदनकडे पाहावं. तिथल्या चोळकालीन मंदिरातून चोरीला गेलेला नटराज २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने सुमारे पन्नास लाख डॉलर मोजून घेतला. २०१४ मध्ये तो भारतात परत आला. विकणाऱ्या सुभाष कपूरला २०२२ मध्ये कुंभकोणमच्या न्यायालयाने शिक्षा सुनावली. अशा मूर्ती देशाबाहेर जातात त्या बहुधा नव्या हस्तकलेच्या वस्तू म्हणून. आपल्या १९७२च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांवरची मूर्ती खाजगी माणसाला बाहेर नेता येत नाही, हे तस्कराला पक्कं ठाऊक असतं. म्हणून तो तिचं वय लपवतो. पेटीवरचं वर्णन खरं का खोटं, हे विचारण्याचा अधिकार काढून घेतला तर देवळं राखणार कोण?

म्हणून माझं म्हणणं असं: कस्टमने ‘हे सुंदर आहे का, सभ्य आहे का, कशासारखं दिसतं’ हे विचारणं सोडावं. कुणी केलं, कधी केलं, किती प्रती आहेत, कुणाकुणाच्या हातून इथवर आलं, हे मात्र खोदून खोदून विचारावं. जगभर चालणाऱ्या शुल्कसूचीतलं कलाकृतींचं प्रकरण ९७ मुळात याच वाटेचं आहे. पुराण वस्तू म्हणजे शंभर वर्षांवरची. मूळ मुद्राचित्र म्हणजे कलावंताने स्वतःच्या हाताने केलेल्या ठशावरून काढलेलं. २०२२च्या आवृत्तीत अडीचशे वर्षांवरच्या पुराण वस्तूंना वेगळा उपविभाग मिळाला आणि शंभर वर्षांवरची चित्रंही वेगळी नोंदली जाऊ लागली. कुठल्या देशातून किती जुनं बाहेर चाललंय, हे आकड्यांत दिसायला यामुळे मदत होते. चोरीच्या मागावर असणाऱ्यांना हे फार मोलाचं आहे.

पण याच प्रकरणात एक उणीव आहे आणि ती मला खुपते. कलावंताच्या छायाचित्राला तिथे जागा नाही. ते छापील चित्रांसोबत प्रकरण ४९ मध्ये जातं. मुंबईत अडवलेल्या त्या सात कलाकृतींत पदमसींची छायाचित्रंही होती. तोच माणूस, तीच नजर. पण हातात कॅमेरा आला की शुल्कसूचीत त्याचा दर्जा बदलतो. सूचीचं प्रकरण भारताला एकट्याने बदलता येणार नाही, दर मात्र ठरवता येतो. युरोपीय महासंघाच्या व्हॅट कायद्यात कलावंताने स्वतः किंवा त्याच्या देखरेखीखाली छापलेलं, सही आणि क्रमांक असलेलं, तीस प्रतींपुरतं मर्यादित छायाचित्र कलाकृती मानलं जातं. सही, क्रमांक, प्रतींची संख्या: तिन्ही गोष्टी कस्टमच्या टेबलावर कुणालाही पडताळता येतात. अर्थखात्याने एका अधिसूचनेने अशा छायाचित्रांना चित्राइतकाच दर लावावा.