पडदा कोणाचा, प्रश्न कोणाचा?

चित्रपट आणि दूरचित्रवाणी यांच्या परिणामांचा विषय निघाला की चर्चा बहुधा अश्लीलता, हाणामारी आणि तरुण पिढीचे बिघडणे यांपाशीच घोटाळते. वस्तुतः पडद्याचा खोल परिणाम निराळ्या ठिकाणी होतो. जीवनातील कोणते प्रश्न विचारण्याजोगे आहेत आणि कोणते मनात येऊच नयेत, हे तो रोज हसतखेळत शिकवीत असतो.

बिमल रॉय यांच्या १९५३ च्या 'दो बिघा जमीन' या चित्रपटातील शंभू महातो २३५ रुपयांचे कर्ज फेडून जमीन वाचवावी म्हणून कलकत्त्यात हातरिक्षा ओढतो. जमीनदाराला तेथे गिरणी उभारावयाची असते आणि अखेर जमीन जातेच. इतके कष्ट उपसूनही ती का गेली, हा प्रश्न घेऊन प्रेक्षक घरी परते. त्याचे उत्तर शंभूच्या स्वभावात सापडत नसे. मालकीच्या व्यवस्थेतच ते शोधावे लागे.

दूरचित्रवाणीलाही अशी संधी लाभली होती. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर 'साइट' प्रयोगाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहामार्फत शेती, आरोग्य आणि शिक्षण यांविषयीचे कार्यक्रम दाखविले गेले. संच सार्वजनिक होते. गाव एकत्र बसून ते पाही. याच काळात गुजरातच्या खेडा जिल्ह्यात पीज येथील केंद्रातून त्याहून पुढचे पाऊल पडले. कार्यक्रम करणारी मंडळी खेड्यांत जाऊन ग्रामस्थांना बोलते करीत. अस्पृश्यता आणि शेतमजुरांची मजुरी हे विषय पडद्यावर येत. जो पाहणारा, तोच बोलणाराही होऊ लागला.

परंतु 'साइट' चालू असतानाच, १ जानेवारी १९७६ रोजी, दूरदर्शनवर जाहिरातींना प्रारंभ झाला. सार्वजनिक संच आणि जाहिरात या दोन वाटांपैकी कोणती रुंद झाली, हे सर्वश्रुत आहे. १९८४ साली 'हम लोग' ही प्रायोजित मालिका सुरू झाली. तिच्यातील निम्नमध्यमवर्गीय घराची ओढाताण खरी होती, कुटुंबनियोजन व स्त्रीचा सन्मान हे तिचे हेतूही योग्य होते. मात्र पैसा नूडल्स विकणाऱ्या कंपनीचा होता. कुटुंबाची दैना बापाच्या दारूत आणि मुलांच्या वागणुकीत शोधली गेली. प्रत्येक भागाच्या अखेरीस अशोक कुमार समजुतीच्या चार गोष्टी सांगत. सन २००० मध्ये खाजगी वाहिनीवर 'क्योंकि सास भी कभी बहू थी' सुरू झाली, तोवर ही ओढाताणही पडद्यावरून ओसरली होती. या धर्तीच्या मालिकांत प्रासादतुल्य घर, दागिने आणि कटकारस्थाने यांना तोटा नाही. पण हे वैभव कोणाच्या श्रमातून आले, हे सहसा कोणी विचारीत नाही. ज्या बाईने दिवसभर दुसऱ्याच्या घरी भांडी घासली, तीही रात्री त्या घराच्या सुनेसाठी डोळे पुसते. तिची सहानुभूती खरी असते. तिच्या स्वतःच्या मजुरीचा प्रश्न मात्र पडद्याबाहेर राहतो.

'लोकांना हेच हवे असते' असे उत्तर यावर दिले जाते. ते फसवे आहे. भीष्म साहनी यांच्या कादंबरीवरील, गोविंद निहलानी दिग्दर्शित 'तमस' १९८८ साली दूरदर्शनवर दाखविली गेली. तिच्याविरुद्धचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला आणि फाळणीच्या दंगलींचे ते कटू सत्य घरोघरी पाहिले गेले. समोर जे ठेवले जाते, त्यातून रुची घडते. त्याचबरोबर सरकारी मालकी म्हणजे जनतेची मालकी नव्हे, हेही १९७५ ते १९७७ च्या आणीबाणीने दाखवून दिले. प्रसारभारतीचा कायदा १९९० साली संमत झाला, तो अमलात यावयास १९९७ साल उजाडले. एवढ्या अवधीत खाजगी वाहिन्यांनी मैदान व्यापले होते.

आता पडदा प्रत्येकाच्या तळहातावर आला आहे आणि प्रेक्षक एकटा पडला आहे. म्हणूनच एकत्र पाहणे आणि पाहिल्यावर एकत्र बोलणे, या जुन्या प्रथेला नवे महत्त्व प्राप्त झाले आहे. युनियनच्या कचेरीत, वस्तीत, गावच्या चावडीवर एखादा चित्रपट दाखवावा, किंवा लोक रोज पाहतात तीच मालिका चर्चेस घ्यावी. तिला नावे ठेवू नयेत. तशाने पाहणाऱ्याचाच अपमान होतो. केवळ एवढेच विचारावे : या घरातला पैसा येतो कोठून?