ॲव्हरेज नंतर, आधी सर्व्हिसची फाइल

जुनी गाडी घ्यायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ॲव्हरेज किती देते? पुण्याहून रांजणगावच्या एमआयडीसीत रोज जाऊन-येऊन शंभर किलोमीटर करणाऱ्याने तो जरूर विचारावा, पण पहिला नव्हे. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर वर्षाला ३०,००० किलोमीटर होतात. लिटरला १८ देणारी गाडी त्यासाठी साधारण १,६६७ लिटर पेट्रोल पिते, २० देणारी १,५०० लिटर. लिटरचा दर १०४ रुपये धरला तर फरक वर्षाला सतरा हजारांच्या आसपास. रक्कम लहान नाही. पण क्लच, सस्पेन्शन आणि एसीचा कॉम्प्रेसर एकाच वर्षात निघाले की ती गॅरेजातच जिरते, वर पडलेले खाडे वेगळे. शिवाय जाहिरातीतले आकडे प्रयोगशाळेत रोलरवर गाडी चालवून काढलेले असतात. वाघोलीच्या कोंडीत एसी लावून उभे राहिल्यावर ते हाती लागत नाहीत. त्यात २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले. त्यासाठी न बनलेल्या जुन्या मोटारींचे ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटू शकते, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालातच आहे.

दोन मॉडेलांमधल्या फरकापेक्षा एकाच मॉडेलच्या दोन जुन्या गाड्यांमधला फरक बहुधा मोठा निघतो. घसरणारा क्लच, चिकटणारा ब्रेक, खराब इंजेक्टर, यांपैकी एकानेही ॲव्हरेज खाली येते, आणि हे मॉडेलच्या नावावरून कळत नाही. ते फाइलमधून कळते. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीच्या नंबरावर नोंदी असतात, प्रत्येक जॉब कार्डावर त्या दिवशीचे किलोमीटर असतात. २०२१च्या कार्डावर ७८ हजार आणि आज मीटरवर ५२ हजार दिसत असतील, तर पुढे बोलायचे कारण उरत नाही. फाइल नसेल तर टायर बघावेत. बाजूवर ‘डॉट’च्या खुणेनंतर शेवटी चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. २०१९ची गाडी तीस हजारच चालली म्हणतात आणि चारही टायर २०२२चे आहेत, तर पहिले टायर इतक्या लवकर का गेले, हे विचारायलाच हवे. ब्रेक पेडलचे रबर गुळगुळीत झाले असेल, तर तेही मीटरविरुद्धच साक्ष देते.

यावर आक्षेप येतो की जास्त चाललेली गाडी झिजलेलीच असणार. झीज होते, हे खरे. पण हायवेवर एका वेगाने चाललेले आणि वेळच्या वेळी ऑइल बदललेले ऐंशी हजार किलोमीटर मला शहरातल्या बेहिशेबी चाळीस हजारांपेक्षा परवडतात. वर्षानुवर्षे उभ्या गाडीची रबरे कडक होतात, बॅटरी बसते, टायर न झिजताच म्हातारे होतात. ‘डॉक्टरांनी वापरलेली, कमी चाललेली’ या जाहिरातीला म्हणूनच फारसा अर्थ नाही.

रनिंग जास्त असेल तर डिझेल घ्या, हा दुसरा जुना सल्ला. डिझेल स्वस्त होते तेव्हा तो बरोबर होता. दरातले अंतर आता पूर्वीसारखे राहिलेले नाही, आणि मारुतीने एप्रिल २०२०मध्ये डिझेल बंद केल्यामुळे बाजारातल्या डिझेल स्विफ्ट, डिझायर त्याआधीच्याच आहेत. त्यांचा टर्बो किंवा इंजेक्टर निघाला की वाचवलेले पैसे एका बिलात जातात. सीएनजीचा हिशेब जास्त पटतो, पंपावरच्या रांगेची तयारी असेल तर. मात्र किट कंपनीचे असावे, आरसीवर इंधन म्हणून सीएनजीची नोंद असावी आणि सिलिंडरच्या दर तीन वर्षांच्या चाचणीचा दाखला हातात असावा.

सगळ्यांकडे फाइल नसते, कित्येकजण गल्लीतल्या गॅरेजवर भरवसा ठेवतात आणि त्यांच्या गाड्या उत्तमही असतात, हे मान्य. मग कागदाचे काम मेकॅनिकला करू द्यावे: इंजिन थंड असताना चालू करून बघावे, स्कॅनर लावावा, गाडी लिफ्टवर चढवून खालचा पत्रा पाहावा. एवढ्या तपासणीला मालक तयार नसेल, तर किंमत कितीही उतरवली तरी दुसरी गाडी शोधावी.